पाठीवरचा खो

दरसाल जूनच्या पहिल्या आठवड्यात अंजना बाबर कॉलेजच्या कचेरीसमोरच्या बाकावर येऊन बसायची आणि नेमणुकीच्या कागदाची वाट बघायची. कागद मिळायचा, नाही असं नाही. पण त्यावर लिहिलेलं असायचं की, आपणांस महिला क्रीडाशिक्षिका म्हणून जून ते एप्रिल अशी तात्पुरती नेमणूक देण्यात येत आहे. म्हणजे एप्रिल संपला की बाई घरी आणि जून उजाडला की पुन्हा बाकावर. १९७० साली पहिला कागद घेऊन ती आष्ट्याला गेली तेव्हा तिच्या वडिलांनी, नाथाजी बाबरांनी, म्हणजे आबांनी, आळीत पेढे वाटले होते. आठवा कागद आला तेव्हा म्हातारा म्हणाला, "मी फौजेत एकदाच भरती झालो. तू किती येळा हुतीस?"

तिनं हसून घेतलं. पण परतीच्या एस.टी.त तेच वाक्य डोक्यात घुमत राहिलं.

नाथाजी हवालदार होऊन पेन्शनीवर आलेले. पोरगी झाली म्हणून भावकीनं तोंडं वाकडी केली, तर यांनी ती चालायला लागल्यापासून पहाटे उसाच्या बांधावरनं पळवायला सुरुवात केली. भावकीला वाटलं, गड्याच्या डोक्यात फौज शिरलीय. अंजना मॅट्रिक झाली, शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि सांगलीच्या कॉलेजात लागली. स्थळं येत होती, पण बोलणी एकाच जागी अडायची. नोकरी सोडावी लागेल, म्हणायचे. ती म्हणायची, आधी कायम होऊ द्या, मग बघू. स्थळंही शेवटी कंटाळली. कायम, ह्या तीन अक्षरांपायी बाईनं आठ वर्षं घातली.

आता कुणी म्हणेल, खेळ शिकवायचा म्हणजे काय मोठं, शिट्टी फुंकली की झालं. फुंकून बघा म्हणावं. पहिल्या वर्षी मैदानावर चार पोरी आल्या आणि खो-खोला लागतात नऊ. मग ही बाई रोज संध्याकाळी गावभागात घरोघरी हिंडली. आया विचारायच्या, पोरगी घालणार काय? बाप विचारायचे, बघायला कोण असणार? सलवारीला घोट्याशी नाडी ओवायची युक्ती तिनंच काढली आणि पहिल्या बारा सलवारींच्या नाड्या तिनंच ओवल्या. परगावी सामना असला की प्रत्येक पोरीला दारातून उचलायची आणि दारात पोचवून मगच स्वतःच्या खोलीचं कुलूप काढायची. गुडघे फुटले की त्यावर हळद. सांगलीत हळदीला काय तोटा? एका पोरीच्या अडत्या बापानं पिशवीभर पाठवली होती, ती कपाटात शिट्टीशेजारी ठेवलेली असायची. तिसऱ्या वर्षापासून आया स्वतःहून विचारायला लागल्या की, बाई, आमच्या धाकटीला कधी घेता.

खो-खो कसा खेळतात हे या मुलखात सांगायची गरज नाही, पण पुढचं सगळं त्यावरच आहे म्हणून थोडक्यात. आठजणी एका ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं तर शेजारणीचं तिकडं. नववी पळणाऱ्यांच्या मागं लागते, पण तिला ओळ ओलांडता येत नाही. मग ती बसलेल्या एखादीच्या पाठीमागून येते, पाठीवर थाप मारते आणि 'खो' म्हणते. थाप बसली ती उठून पळणार आणि थाप मारणारी तिच्या जागेवर बसणार. थाप आणि शब्द दोन्ही पाहिजेत. नुसती थाप मारली आणि तोंडातून शब्द निघाला नाही, तर तो मुका खो. तो चालत नाही, पंच शिट्टी मारतो.

अंजनाचं सगळं शिकवणं एका वाक्यात होतं. खो मिळाला की मागं बघायचं नाही. पाठीमागं आपलीच पोरगी आहे, तिनं दिला म्हणजे बरोबरच दिला. मागं बघेल ती अर्धं पाऊल हरली. सुरुवातीला पोरींच्या माना वळायच्याच. मग ती स्वतः ओळीत जाऊन बसायची आणि म्हणायची, द्या मला खो, मी बघते का बघा. पाच-पन्नास थापा खायची, पण मान हलायची नाही. हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की बाजारात कुणी मागून खांद्याला हात लावला तरी ती आधी दोन पावलं पुढं जायची आणि मग थांबायची. भाजीवाल्या हसायच्या.

१९७१ साली तासगावची पद्मा सूर्यवंशी कॉलेजात आली. बाप नव्हता, आई साळूबाई दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत कामाला. पोरगी काडीसारखी, पण पळायला लागली की धूळसुद्धा मागं राहायची. अडचण एकच होती. सराव संपायच्या आधी तासगावची शेवटची एस.टी. निघून जायची आणि वसतिगृहात जागा नव्हती. अंजनानं एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पोरीची वळकटी आपल्या खोलीत आणून टाकली. एक खोली, एक स्टोव्ह, एक कंदील. द्राक्षांच्या दिवसांत साळूबाई महिन्यातून एकदा करंडी घेऊन यायची आणि दारातच पदर पसरून म्हणायची, "बाई, माझी न्हाई, तुमचीच हाय आता ही."

आणि खरंच तसंच झालं. चार वर्षं दोघी एका ताटात जेवल्या म्हटलं तरी चालेल. पद्माचं इंग्रजी चांगलं, तर अंजनाचं जेमतेम मॅट्रिकपुरतं. विद्यापीठाच्या सामन्यांचे प्रवेशअर्ज इंग्रजीत असायचे, ते पद्मा भरायची आणि बाई खाली मराठीत सही करायची. एकदा वरून तक्रार आली की सही इंग्रजीत करा. तेव्हा पद्मानं वहीचं पान घेऊन बाईंना ए. एन. बाबर असं झोकदार इंग्रजीत लिहायला शिकवलं. शेवटच्या अक्षराची शेपटी वर न्यायची, बाई, म्हणजे रुबाब येतो. दोघींनी त्या दिवशी तीन पानं भरवली आणि हसून हसून स्टोव्हवरचं दूध उतू घालवलं.

पद्मा बी.ए. झाली, पुण्याला जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आली आणि १९७६ च्या जूनमध्ये पुन्हा त्याच खोलीत वळकटी टाकली. नोकरी मिळेस्तोवर राहते, म्हणाली. अंजनाला हर्ष मावेना. संध्याकाळी ती तिला मैदानावर न्यायची, नव्या पोरींचा सराव तिच्याकडं द्यायची. स्वतःची शिट्टीसुद्धा तिच्या गळ्यात घातली. पोरी एकीला बाई म्हणायच्या आणि दुसरीला ताई.

त्याच वर्षी संस्थेचे चिटणीस नानासो यांनी अंजनाला बोलावून घेतलं. माणूस बोलायला गोड, खडीसाखर तोंडात ठेवूनच जन्माला आलेला. म्हणाले, जागा कायम करायचा ठराव येतोय. पदवी पाहिजे असा नियम आहे, ती तुमच्याकडं नाही. पण अनुभव आणि निकाल धरून सूट देता येते. दोन वर्षं लागोपाठ अजिंक्यपद आणा, जागा तुमची. अंजनानं एवढंच विचारलं, शब्द ना? नानासो म्हणाले, शब्द.

पहिलं अजिंक्यपद कराडला आलं. दुसऱ्याचा शेवटचा सामना १९७८ च्या जानेवारीत साताऱ्याला झाला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. शेवटच्या पाळीत एक मिनिट उरलं होतं आणि बरोबरी होती. सांगलीच्या पोरींनी ओळीतून असे खो फिरवले की बघणाऱ्यांना थाप दिसेना, नुसता आवाज ऐकू यायचा, खो, खो, खो. एकीचीही मान वळली नाही. खांबाजवळ गडी सापडला आणि मैदानभर टोप्या उडाल्या. पद्मानं बाईंना मिठी मारली. नानासो जीपमधून उतरले, हार घातला आणि चारचौघांत म्हणाले की, बाई, आता बाकावर बसायचे दिवस संपले. अंजनानं तो हार आष्ट्याला नेऊन आबांच्या फौजेतल्या फोटोला घातला. आबा वरमले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतात का, म्हणून शेजारीण ओरडली, तरी तो आठवडाभर तसाच होता.

मे महिन्यातला रविवार होता. अंजना यंदा आष्ट्याला न जाता सांगलीच्या खोलीतच राहिली होती आणि भाकरीचं पीठ मळत बसली होती. पद्मा बाहेरून आली आणि दारातच चपला काढता काढता म्हणाली, साताऱ्याला एका शाळेत जागा निघालीय, बाई. अनुभवाचा दाखला मागतायत. टाइप करून आणलाय. कागद इंग्रजीत होता, दाट ओळींचा.

अंजनाला अक्षर ओळखता येत नव्हतं असं नाही. बसून वाचला असता तर अर्ध्या तासात लागला असता. पण हात पिठाचे होते, पोरीला नोकरी लागत होती आणि कागद आणणारी पद्मा होती. तिनं उजवा हात पदराला पुसला आणि विचारलं, कुठं करू?

"इथं, खाली. शेपटी वर न्यायची, बाई."

तिनं नेली. कागदाच्या कोपऱ्यावर तिच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा उमटला. पद्मानं तो फुंकरून घालवायचा प्रयत्न केला, पण थोडा राहिलाच. चार दिवसांनी ती वळकटी घेऊन तासगावला गेली. साताऱ्याचं काय झालं ते कळवते, म्हणाली.

कळवलं नाही. अंजनाला वाटलं, लग्नसराई आहे, गडबडीत असेल. माणूस आपल्या माणसाबद्दल किती कारणं शोधतं, बघा.

जूनच्या बारा तारखेला कायम जागेची मुलाखत ठरली. अंजनानं निळ्या काठाची पांढरी सुती साडी नेसली आणि पायात नेहमीचे कॅनव्हासचे बूट, खडूनं पांढरे केलेले. कचेरीसमोरच्या बाकावर ती सवयीनं बसली. आत प्राचार्य होते, नानासो होते आणि विद्यापीठाकडून आलेले एक चष्मेवाले. सुरुवातीला सगळं सरळ चाललं होतं. किती वर्षं? आठ. संघ किती जणींचा? बाराजणींचा. मग चष्मेवाल्यांनी विचारलं, गेल्या दोन वर्षांचं अजिंक्यपद मिळवणारा संघ कुणी तयार केला?

अंजना म्हणाली, मी केला.

नानासोंनी तिच्याकडं न बघता फाइलीतून एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला. कोपऱ्यावर पिठाचा ठसा होता. नानासो म्हणाले, ही सही तुमचीच ना, बाई? मग वाचून दाखवा.

ती वाचायला लागली. एकेक शब्द अडखळत, शाळेतल्या पोरीसारखी. चष्मेवाले पंख्याकडं बघत राहिले. कागदात लिहिलं होतं की, गेली दोन वर्षं महिला संघाचं संपूर्ण प्रशिक्षण कुमारी पद्मा सूर्यवंशी यांनी केलं, दोन्ही अजिंक्यपदं त्यांच्या मार्गदर्शनामुळं मिळाली आणि मी, खाली सही करणारी, हजेरी घेणं व पोरींची ने-आण करणं एवढीच मदत केली. शेवटची ओळ वाचून झाली. रडू आलं नाही. कुणीतरी भर मैदानात आपली सलवार फेडली, तसं वाटलं.

तिला कळून चुकलं की हा कागद खोटा आहे असं म्हटलं, तर खोटा दाखला देणारीही आपणच. आणि खरा आहे म्हटलं, तर आठ वर्षं गेली. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून ती जपून पुस्तकी बोलायची, हाय-न्हाई चुकून तोंडात येऊ द्यायची नाही. तेही त्या क्षणी गळून पडलं.

"सही माझी हाय," ती म्हणाली. "मजकूर माझा न्हाई."

"म्हणजे न वाचता सही केलीत?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग मुलींना शिकवता तरी काय?"

अंजना उठून उभी राहिली. बूट करकरले. ती म्हणाली, "मागं बघायचं न्हाई. ह्येच शिकीवलं."

नानासोंनी फाइल बंद केली. ते मग गोड आवाजात म्हणाले की, बाई, मनाला लावून घेऊ नका, हंगामी मदतनीस म्हणून तुम्हाला ठेवताच येईल, पोरींची ने-आण तुमच्याइतकी चांगली कोण करणार? शब्द दिला होता त्याचं काय, असं अंजनानं विचारलं नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

ती बाहेर आली. बाकावर पुढची उमेदवार बसली होती. कचेरीच्या दाराकडं पाठ करून, तोंड मैदानाकडं. पाठ बघूनच अंजनानं ओळखली. चार वर्षं ती पाठ ओळीत बसलेली तिनं पाहिली होती. हातात हिरवा चुडा होता, नवा कोरा. शेजारी नानासोंचा पुतण्या ज्ञानू उभा होता. त्याच्या कपाळाला अजून साखरपुड्याची अक्षता चिकटलेली असावी, इतका तो चकचकीत दिसत होता. म्हणजे असं आहे तर. साखरपुडा झाला होता. दुसऱ्या कुणाला नाही, पण एका स्टोव्हवर दूध उतू घालवणारीला तरी सांगायला हवं होतं. जागा गेली त्याहून हे जास्त लागलं.

अंजना तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. पद्माला चाहूल लागली, पण ती वळली नाही. मानेवरची शीर उडताना दिसत होती.

तिच्या कानाशी जाऊन बोलावं असं खूप काही होतं. तुझ्या आईनं माझ्यापुढं पदर पसरला होता, हे होतं. मागितली असतीस तर जागा दिली असती, हेही होतं. आणि ते खोटं नव्हतं. पद्मानं त्या रविवारी तोंड उघडून म्हटलं असतं की बाई, मला ही जागा पाहिजे, तर ह्या वेडीनं पीठ बाजूला ठेवून तिच्यासाठी नानासोंच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. पोरीनं मुका खो दिला होता. शब्द न उच्चारता पाठीत थाप मारली आणि जागेवर बसली. मैदानात पंच तरी असतो.

अंजनानं हात उचलला आणि पाठीवर थाप मारली.

"खो," ती म्हणाली. मोठ्यानं, साताऱ्याच्या मैदानावर ऐकू जाईल एवढ्यानं.

पद्मा उठली. विचार करून नाही. अंगानं उठली. दोन पावलं पुढं गेली, थांबली, मग बाकाला वळसा घालून, डोळे जमिनीवर ठेवून कचेरीच्या दारात शिरली. तिनं मागं बघितलं नाही. अंजना वाट बघत उभी होती, जन्मात पहिल्यांदा, की पोरीनं एकदा तरी चुकावं, मान वळवावी. मग ती रिकाम्या बाकावर बसली.

आष्ट्याला आबांनी सगळं ऐकून घेतलं. खाल्ल्या घरचे वासे मोजले गं तिनं, एवढंच म्हणाले आणि फोटोवरून हाराचा वाळलेला दोरा काढून चुलीत टाकला. द्राक्षांच्या दिवसांत साळूबाई एकदा करंडी घेऊन आष्ट्याला आली होती म्हणे, दाराबाहेर ठेवून निघून गेली. ती द्राक्षं कुणी खाल्ली नाहीत.

सांगलीच्या कॉलेजनं त्यानंतरही सामने जिंकले. पद्माताई शिकवते चांगलं, यात वाद नाही. शिकवणार नाही तर काय? अंजनानं आष्ट्याच्या कन्याशाळेत पोरी गोळा केल्या. परत नाड्या ओवल्या, परत घरोघरी हिंडली. पुढच्या हिवाळ्यात तालुक्याच्या सामन्याला तिचा संघ उतरला आणि बघणारे चकित झाले. थाप बसली की आष्ट्याची प्रत्येक पोरगी आधी मान वळवून मागं बघायची आणि मगच उठायची. अर्धं पाऊल प्रत्येक खोला जात होतं. संघ वाईट हरला. जुने खेळाडू हसले. म्हणाले, बाबरबाई शिकवायचं विसरल्या वाटतं.

एस.टी.ची वाट बघत पोरी स्टँडवर गूळ-शेंगदाणे खात बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं, राहीनं, शेवटी धीर करून विचारलंच. बाकी सगळे म्हणतात बघायचं नाही, मग आपणच मागं का बघायचं, बाई?

अंजनानं तिच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली.

"हरलो तर हरलो," ती म्हणाली. "पण आपल्या जागंवर कोण बसतंय, ते बघून उठायचं."